दिसलं नाही तरी चालेल

कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर सकाळी सातच्या सुमारास आम्ही पन्नास-साठ जण दोरीमागे उभे होतो. वाळू अजून गार होती, दवानं ओलसर. समोर जाळी लावून राखलेली छोटीशी जागा, तिच्यात ओळीनं पालथ्या घातलेल्या टोपल्या, आणि प्रत्येक टोपलीखाली ऑलिव्ह रिडले कासवाच्या मादीची, किनाऱ्यावरून उचलून इथे सुरक्षित पुरलेली अंडी. कासवमित्रानं पहिली टोपली उचलली. खाली नुसती वाळू. दुसरी उचलली, तिसरी, करता करता शेवटची. मग तो उभा राहिला, तळहात झटकले आणि म्हणाला, "आज नाय आली पिल्लं. संध्याकाळी परत बघू." वर धरलेले मोबाइल खाली आले. कोणीतरी मुलांना चहाला चला म्हणालं. तेवढ्यात माझ्या शेजारचे गृहस्थ दोरीवरून थोडे पुढे वाकले आणि म्हणाले, "अहो, एखादं घरटं जरा उकरून बघा ना. आम्ही पुण्याहून आलोय."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. खांद्यावर पेंगुळलेली मुलगी, एका हातात तिच्या चपला, बोलण्यात आर्जवच होतं. कासवमित्रही चिडला नाही. "काका, ती आपापली वर येतात. आपण नाय काढायची," एवढंच बोलून तो टोपल्या जागच्या जागी ठेवायला लागला. प्रसंग तिथेच संपला. ते वाक्य मात्र माझ्या मनातून जाईना. त्यात खोटं काहीच नव्हतं. आम्हीही पुण्याहूनच गेलो होतो. आठवडाभराची धावपळ, रजेसाठी केलेली मनधरणी, मुलांच्या परीक्षा टाळून काढलेले दिवस, पहाटे अंधारात भरलेल्या बॅगा, चांदणी चौकात उजाडायच्या आत लागलेली गाड्यांची रांग, ताम्हिणीची वळणं, मागच्या सीटवर कोणाला तरी लागणारी गाडी. एवढं सगळं करून माणूस समुद्रापर्यंत पोचतो तेव्हा समुद्रानं आपल्याला काहीतरी द्यावं असं त्याला वाटणारच. मला त्या गृहस्थांचा राग आला नाही. काळजी वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

कारण त्या वाळूखाली काय चाललेलं असतं ते आम्हाला आदल्या संध्याकाळी समजावून सांगितलं होतं. एका खड्ड्यात शंभरेक अंडी असतात, ती उबायला साधारण पन्नास दिवस लागतात. अंडं फुटलं म्हणून पिल्लू लगेच वर येत नाही. भावंडांसोबत वाळू ढकलत वर सरकायला त्याला काही दिवस लागतात, आणि तेवढ्या वेळात पोटाशी उरलेला बलक त्याच्या अंगात जिरतो. त्याच शिदोरीवर त्याला समुद्रात पहिले दिवस काढायचे असतात. वरची वाळू गार झाली की सगळी मिळून बाहेर पडतात. म्हणून पहाट, म्हणून तिन्हीसांज. पुढे पाण्यापर्यंतचं अंतरही ती स्वतः चालून जातात, कोणी हातात उचलून लाटेत सोडत नाही. उजेडाकडे वळायची त्यांची सवय असते, त्यामुळे किनाऱ्यावर बॅटरी, फ्लॅश, गाडीचे दिवे चालत नाहीत. या साऱ्या घटनाक्रमात बघणाऱ्याच्या सोयीला कुठेच जागा नाही. आपण दोरीमागे उभं राहायचं, आणि झालंच तर बघायचं.

त्या संध्याकाळीही पिल्लं आली नाहीत.

माझी मुलगी रडली. तिला समजावता येईना, आणि खोटा दिलासा द्यावासा वाटेना. सकाळचं ते कुटुंब तोवर बाणकोटच्या खाडीतली फेरीबोट गाठून हरिहरेश्वरकडे निघून गेलं होतं. त्यांच्या यादीत अजून बरंच काही होतं. आम्ही मात्र तिथेच राहिलो होतो, आणि तो मधला दिवस मला आता पिल्लांपेक्षा जास्त आठवतो. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंच्या अंगणात सुपाऱ्या वाळत पडल्या होत्या. दुपारी फणसाची भाजी, तांदळाची भाकरी आणि कोकमाची कढी. जेवणानंतर घर एकदम गप्प झालं, फक्त वाडीतल्या पाटाच्या पाण्याचा आवाज. मुलगी त्या पाटात पाय सोडून बसली होती आणि आई काकूंशी गुडघ्यांच्या दुखण्यावर बोलत होती. काकू म्हणाल्या, पूर्वी अंडी सापडली की लोक खायचे नाहीतर विकायचे, त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं इथे घरटी राखायला सुरुवात केली, मग गावातलीच माणसं राखणीला लागली, मग बघायला लोक येऊ लागले आणि घराघरांत पाहुण्यांची सोय झाली. "आता अंड्याला कोणी हात नाय लावत," काकू म्हणाल्या, आणि सुपाऱ्या उलथ्यापालथ्या करायला उठल्या.

म्हणजे आपलं जाणं वाईट नाही. वेळासला तर ते उपयोगीच पडलं आहे. पाहुणे आले म्हणून अंडी राखण्यात गावाला चार पैसे दिसले, आणि ते योग्यच झालं. त्यामुळे 'निसर्ग वाचवायचा तर घरी बसा' हे मला पटत नाही. कचरा परत आणा, प्लास्टिकच्या बाटल्या नेऊ नका, हेही आता सांगायची गरज उरू नये. राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाली जून २०१८ मध्ये, आणि पावसाळ्यातल्या रविवारी ताम्हिणीच्या धबधब्यांखाली अजूनही वेफर्सची पाकिटं तरंगतात. त्याची लाज वाटते. पण ती पाकिटं निदान दिसतात, कोणीतरी पोती घेऊन ती वेचू शकतं. आपण सोबत नेलेला हट्ट वेचता येत नाही. इतक्या लांबून आलोय, पैसे मोजलेत, तर दिसलंच पाहिजे, हा तो हट्ट. कासव दिसलं पाहिजे, फुलं दिसली पाहिजेत, वाघ दिसला पाहिजे, आणि तेही रविवारी दुपारच्या आत, कारण सोमवारी सकाळी मीटिंग आहे.

भिगवणला हे फार उघडं दिसतं. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानं शंभरेक किलोमीटर, त्यामुळे हिवाळ्यातल्या रविवारी अर्धं पुणे तिथे. उजनी धरणाच्या फुगवट्यात रोहित पक्षी उतरतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, चित्रबलाक तर कायमचेच. कुंभारगावच्या काठावरून होडी घेतली. होडीवाला तिशीतला, अंगात जुना स्वेटर, डोळे पाण्यावर. थोडं आत गेल्यावर त्यानं विचारलं, "ताई, जवळ घेऊ का? उडवून दावतो." मी नको म्हटलं. लांबच थांबा, इंजिन बंद करा. त्यानं एकदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि इंजिन बंद केलं. मग हळूहळू त्या पाण्याचे आवाज ऐकू यायला लागले. रोहितांचा थवा खाण्यात गुंतला होता. मान खाली, चोच चक्क उलटी पाण्यात, आणि पाय जागच्या जागी चिखल तुडवताहेत. ते एवढे देखणे पक्षी खाताना बदकांसारखा कलकलाट करतात हे मला माहीत नव्हतं. पाण्याला शेवाळाचा वास होता. त्याच शेवाळातून आणि बारीकसारीक किड्यांतून त्यांच्या पंखांना तो गुलाबी रंग येतो.

पाचेक मिनिटांत दुसरी होडी आली. तिच्यात आठ-दहा जण आणि मोठ्या लेन्सचे दोन कॅमेरे. ती सरळ थव्यात घुसली. रोहिताला उठताना पाण्यावर बरंच अंतर धावावं लागतं, जड शरीर उचलायला सगळा जोर लावावा लागतो, आणि त्या धावण्यात सकाळचं खाल्लेलं खर्ची पडतं. थवा उठला. काळ्या कडांचे लालगुलाबी पंख एकदम उघडले, होडीतून टाळ्या पडल्या. ते दृश्य सुंदर होतं, आणि मी तिकडे बघतच राहिले होते. सुंदर आहे म्हणून तर त्याची मागणी होते. आमचा होडीवाला म्हणाला, "लोकान्ला उडतानाचाच फोटू पायजे असतो. उडवलं की खूश. वर शंभर-दोनशे देत्यात." आजोबांची जमीन धरणात गेली, मग वडलांनी मासेमारी धरली, आता याची होडी. तो पक्ष्यांचा वैरी नाही. कोणता पक्षी कोणत्या वाराला कोणत्या बेटावर असतो ते त्याला पाठ आहे. आपण ज्याचे पैसे देतो ते तो करतो. त्या दिवशी थांबण्याचे पैसे मी त्याला वर दिले, आणि ते का देतेय हेही सांगितलं. पुढच्या होडीला तो काय करणार हे माझ्या हातात नाही, पण न उडवण्यालाही गिऱ्हाईक आहे एवढं तरी त्याला कळलं असेल. परतताना काठाशी काही जण कुरव पक्ष्यांना मूठमूठ शेव टाकत होते, आणि थंडी काढायला लांबून आलेले ते पक्षी तळलेल्या बेसनावर झडप घालत होते.

भिगवणच्या पाण्याबद्दल मात्र आणखी एक गोष्ट आहे, ती बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपल्या मोरीतून गेलेलं पाणी कुठे जातं? मुळा आणि मुठा संगमावर भेटतात, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, आणि भीमा उजनीत येऊन थांबते. पुण्याचं सगळं सांडपाणी शुद्ध होऊनच नदीत जातं असं म्हणायची सोय नाही, नदीकाठच्या कोणत्याही पुलावर उन्हाळ्यात उभं राहिलं की नाकालाच कळतं. म्हणजे आम्ही दुर्बिणी आणि डबे घेऊन भिगवणला पोचतो त्याच्या कितीतरी आधी आमचा साबण, आमची पावडर, आमची जलपर्णी तिथे पोचलेली असते. ज्या पाण्यात रोहितांनी चोची बुडवल्या होत्या ते पाणीही पुण्याहूनच आलेलं होतं. सुट्टीतलं जबाबदार वागणं सुट्टीच्या दिवशी सुरू होत नाही हे मला त्या होडीत बसून जेवढं समजलं तेवढं कुठल्या व्याख्यानात समजलं नव्हतं. नदी सुधारायची म्हणून शहरात चाललेल्या भांडणांत काठाच्या भिंती आणि बागांवर जितकं बोललं जातं तितकं या खालच्या माणसांवर आणि पक्ष्यांवर बोललं जावं असं मला मनापासून वाटतं.

काजव्यांचं दुःख वेगळं. मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, पावसाच्या आधीच्या दमट रात्री. भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी, इकडे राजमाची. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे एका लयीत पेटतात आणि विझतात. ते सगळं बोलणं असतं. नर उडता उडता खूण देतो, खाली गवतात बसलेली मादी तिच्या उजेडानं उत्तर देते. अळीच्या रूपात कितीतरी महिने पालापाचोळ्यात काढल्यावर पंख फुटलेल्या काजव्याच्या हाती या बोलण्यासाठी जेमतेम दोन-तीन आठवडे असतात. नेमक्या त्याच आठवड्यांत शनिवारच्या रात्री तिथल्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची माळ लागते. हेडलाइट, इंडिकेटर, मोबाइलची बॅटरी. आणि ज्या पाचोळ्यात मादी अंडी घालणार तोच पाय तुडवत जातात. वनखातं वेळा ठरवतं, नाक्यावर गाड्या अडवतं, गावातली पोरं बॅटरीला लाल कागद लावा म्हणून विनवतात. एकदा एका झाडाखाली आम्ही काळोखात बसलो होतो, डोळे नुकते सरावले होते, तेवढ्यात कोणीतरी मुलाला म्हणालं, "थांब, मी झाड हलवतो, मग सगळे चमकतील." सुदैवानं गावचा एक मुलगा होता. त्यानं हात जोडले. खरोखर जोडले. ते जोडलेले हात अंधारातही दिसले, इतका तो जवळ उभा होता.

त्याच मुक्कामातली दुसरी गोष्ट पाण्याची. ती वाडी धरणाच्या वरच्या अंगाला. खाली १९२६ साली बांधून झालेलं भंडारदऱ्याचं विल्सन धरण, त्याच्या कालव्यांवर दूरवरचे ऊसमळे, आणि पावसाळ्यात ढग उतरून येणाऱ्या त्या डोंगरावर मे महिन्यात विहिरीच्या तळाशी हातभर पाणी. घरची बाई पहाटे चारला हंडे घेऊन निघाली तेव्हा मला जाग आली. डोक्यावर दोन, कमरेवर एक. सकाळी पाहुण्यांसाठी चुलीवर पाणी तापलं, आणि शेजारच्या खोलीतल्या ग्रुपमधल्या एकानं अजून एक बादली मागितली. तिनं दिली. चेहऱ्यावर काही न दाखवता दिली, कारण पाहुण्याला नाही म्हणायची तिला सवय नाही. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि खेड्यातल्याला ५५ लिटर, हे सरकारी योजनांचे आकडे मला तिथे आठवले. शहरातला माणूस त्या वाडीत गेला की आपले १३५ सोबत नेतो, आणि ते कोणाच्या तरी डोक्यावरून येतात. त्या दिवशी आम्ही तोंडं धुतली, आंघोळ पुण्याला येऊन केली. यात काही त्याग नव्हता. घरातल्या बाईला आमच्या वाटचे हंडे आणावे लागू नयेत, एवढंच मनात होतं.

कासबद्दल फार लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कासचं पठार आहे, आणि तेव्हापासून सप्टेंबरातली तिथली गर्दी आपण सगळे ओळखतो. दिवसाला ठरावीक माणसं, आधी नोंदणी, हे चांगलंच झालं. गाड्यांतून उतरणारे लोक "फुलं कुठायत?" असं विचारताना दिसतात तेव्हा मात्र जीव तुटतो. फोटोत गालिचा पाहिलेला असतो, आणि इथे पायाशी नखाएवढी सीतेची आसवं, गेंदाचे पांढरे ठिपके, चिकट थेंब मिरवणारं दवबिंदू. जांभ्यावरची बोटभर माती, तिच्यात कस नाही, म्हणून यातली काही इवली रोपं किडे पकडून पोट भरतात. एक पाऊल चुकलं की तिथली सगळी वस्ती गेली. गर्दी आवरायला पठाराला कुंपण घातलं गेलं, तर गुरं यायची बंद झाली, गवत माजलं, फुलं कमी झाल्याची ओरड झाली आणि ते कुंपण काढावं लागलं. गाईगुरांच्या खुरांशी त्या फुलांचं जमलेलं होतं, आमच्या बुटांशी जमत नाही. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते. मधल्या वर्षांत आलेल्यांना ती निळाई दिसणारच नाही, कितीही लांबून आलेले असोत.

मला वाटतं, न दिसण्याची तयारी आपल्याकडे नवी नाही. आषाढीला पंढरपुरात दर्शनाची रांग इतकी लांबते की कितीतरी वारकरी आत जातच नाहीत. अठरा-वीस दिवस चालून आलेला माणूस चंद्रभागेत बुडी मारतो, नामदेव पायरीवर डोकं टेकवतो, कळसाला हात जोडतो आणि परतीच्या गाडीला लागतो. त्याला फसवल्यासारखं वाटत नाही. माझी आजी एकदा अशीच कळस बघून आली होती. "पांडुरंग दिसला का?" असं आम्ही पोरांनी विचारलं तर म्हणाली, "त्यानं बघितलं ना मला." देवराईतही तेच. मुळशी-भोरकडच्या रायांमध्ये वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, काही ठिकाणी तर आत पाऊलही टाकायचं नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात या राया फिरून त्यांचा अभ्यास केला तेव्हा जे रान उरलेलं सापडलं, ते अशा न जाण्यामुळेच उरलं होतं.

आजीच्या प्रवासाची आठवण मात्र मी फार गोंजारत नाही. फिरकीचा तांब्या, फडक्यात बांधलेल्या दशम्या, कोरडी चटणी, झोपायला एक सतरंजी, मागे टाकण्यासारखं सोबत काही नाहीच. हे सगळं खरं आहे आणि लोभस आहे. पण तिला समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा तिचे केस पिकले होते. कुलदैवत, माहेर आणि बाळंतपणं यांपलीकडे तिला कोणी कुठे नेलंच नाही. तिच्या वाट्याला आलेली निसर्गाची कमीत कमी हानी तिच्या वाट्याला आलेल्या कमीत कमी आयुष्यातून आली होती. आणि यात्रा संपल्यावर दुसऱ्या दिवशी तीर्थक्षेत्रांची, नदीघाटांची काय दशा असते तेही मी पाहिलं आहे. मला माझ्या मुलीसाठी आजीचं फिरणं नकोय. तिनं भरपूर हिंडावं. फक्त तिच्या हिंडण्याची किंमत कोणत्या तरी वाडीतल्या बाईनं किंवा वाळूखालच्या पिल्लानं चुकवू नये.

भावाचं आणि माझं यावर वाजतं. त्याचं म्हणणं, वर्षातून चार सुट्ट्या मिळतात, त्यात लहान मुलं, सामान, म्हातारी माणसं, आणि तू मला एसटीत बसायला सांगतेस? जगात विमानं उडताहेत, कारखाने धूर सोडताहेत, माझ्या एका गाडीनं काय होणार? त्याची दमणूक खरी आहे, आणि आईला घाटात गाडी थांबवायची असते हेही खरं. तरी मी हिशोब मांडते. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पेट्रोलच्या वजनाहून जास्त, कारण हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो. वेळासला जाऊन येऊन चारशे किलोमीटर धरले तर साठेक किलो. गाडीत दोघंच असली तर वाटणी दोघांत, पाच असली तर पाचांत. एसटी भरलेली असली तर माणशी त्याहून कितीतरी कमी, आणि ती गाडी आपण चढलो नाही तरी जाणारच असते. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-नगर मार्गावर धावली, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, आणि माझ्या आईला हे अर्धं तिकीट इतकं आवडतं की वेळासला एसटीनंच जायचं हे तिनंच ठरवलं होतं. मंडणगडला उतरून पुढच्या गाडीची वाट बघताना स्टँडवर खाल्लेली गरम भजी तिला अजून आठवतात.

भावाला मी हल्ली एवढंच म्हणते, गाडी काढ, पण भरून काढ. चार ठिकाणं एका सुट्टीत कोंबू नकोस, एकाच गावात राहा, आणि तिथल्या घरात जेव. धावाधाव कमी झाली की पेट्रोल कमी जळतं, पण माझा खरा मुद्दा दुसरा आहे. एका जागी राहिलेल्या माणसाला घाई नसते, आणि घाई नसलेला माणूस कोणाला घरटं उकरायला सांगत नाही, झाड हलवत नाही, थवा उडवायला लावत नाही. दिसायचं ते उद्या दिसेल, नाहीतर पुढच्या वर्षी. तो अजून "बघू" म्हणतो. यंदा मात्र त्याचीही मुलं आमच्यासोबत येणार आहेत, त्यानं स्वतः पाठवायचं कबूल केलं आहे.

परवा काजव्यांच्या त्याच वाडीत फोन लावला. जूनच्या पहिल्या आठवड्यासाठी जागा आहे का म्हणून. घरधन्यानं उचलला. मागे कोंबडा ओरडत होता, रेंज येत-जात होती.

"जागा हाय ताई. पण काजव्यांचं काय सांगता येत नाय. वळीव आधीच झाला जोरात, तर उडतील का नाय ते..."

"चालेल."

"म्हंजी नायच दिसले तर?"

"तरी येतो. दोन-तीन रात्री राहू. आणि आंघोळीचं पाणी तापवायला सांगू नका घरात."

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, "गाड्या किती तुमच्या? वर लावायला जागा नाय आता."

"गाडी नाही. शिवाजीनगरहून एसटीनं अकोले स्टँडवर येतो, तिथून राजूर."

"मग राजूरला पाचच्या आत पोचा," तो म्हणाला. "त्याच्यामागं वर यायला काय घावत नाय. आन् पोरं हायेत तर चादरी घेऊन या, पाऊस झाला तर गार पडतंय."